डोळ्यांचा कुंचला

रोहा, १ डिसेंबर

ती. सगुणाआत्यास,
मृणालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझी अट मान्य. पसंतीक्रम भरून होईपर्यंत फोन नाही, फक्त पत्रं. परवा फोनवर दादा आणि मी एकमेकांवर जे ओरडलो ते अर्ध्या रोह्याने ऐकलं असेल. आमच्या दवाखान्यातल्या सहर सिस्टर गडबहून रोज ये-जा करतात, वाकडी वाट करून त्या पेणला पत्र पोचवतील. त्या आल्या की चहा दे, नुसत्या दारातून पाठवू नकोस.

आत्या, या वर्षीच्या निकालावर मला पुढच्या शिक्षणाला मुंबईत सर्जरी मिळू शकते. 'शकते' म्हणतेय, कारण त्या जागांवर सगळ्यांच्या उड्या आहेत. वीस तारखेच्या आत भरायचं आहे. दादांचं एकच पालुपद, औषधाची डॉक्टरकी कर, नाहीतर एक्स-रेचे फोटो बघायची कर, पण चाकूची नको. का, तर उत्तर नाही. मुलगा असते तर हेच म्हणाले असते का? बारा महिने मूर्ती घडवणाऱ्या बापाला मुलीच्या हातातलं हत्यार का खुपावं?

आणि निदान दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहायला काय होतं त्यांना? दसऱ्याच्या पत्रातही तुझ्याच अक्षरात त्यांचे आशीर्वाद. इतका राग?

एक फक्त तुला सांगते. मागल्या आठवड्यात निडी गावची एक बाई आली, भाजी चिरताना विळीने तळवा कापलेला. मी टाके घालत होते आणि तिसऱ्या टाक्याला माझा हात थरथरला. बाईला कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या सर्जन मॅडमना कळलं असेल. तेव्हापासून चमचा धरला तरी मी हाताकडे बघते.

दादांना सांगू नकोस. तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझी, मृणाली


पेण, ४ डिसेंबर

चि. मृणालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सहर चहा पिऊन गेली, वर दोन पोह्याचे पापड खाऊन गेली. गुणी पोर हाय. तुझ्यासाठी पापडांचं बिंडल दिलंय, वाटेत तिनेच संपवलं नसेल तर मिळेल.

मुलगा-मुलगी हे डोक्यातनं काढ गो. गुणाजी माझा भाऊ हाय, मी त्याला लंगोटात बघितलाय. तुला शिकवायला त्याने कधी हात आखडला नाय. रागबिग काय नाय त्याचा. सध्या माघी गणपतींचं काम हाय, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाय, म्हणून लिहीत नाय इतकंच.

तुझ्या हाताचं मात्र मला नीट सांग. रिकामा मांडीवर ठेवला की थरथरतो, का काही धरून नेमकं करायला गेलीस की? एका हाताला का दोन्ही? भूक लागली असंल, झोप झाली नसंल, तेही लिही. लगोलग लिही. मी गुणाजीला काय बोलत नाय.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावाचून घर गप्प हाय.
तुझी आत्या


रोहा, ६ डिसेंबर

ती. सगुणाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पापड पोचले. निम्मेच, पण पोचले.

आत्या, तू मला चकवू नकोस. हात थरथरला असं कळल्यावर कुठलीही आत्या 'दृष्ट काढते' म्हणेल, 'झोपत जा' म्हणेल. रिकामा असताना का काम करताना, हा प्रश्न आमच्या मेंदूच्या डॉक्टरांचा आहे. तुला तो कुठून सुचला? तू कुणाचा हात इतका निरखून बघते आहेस?

मी दोन दिवस मागचं सगळं आठवत बसले. दिवाळीत दादा चहा पेल्यात घेत होते, अर्धाच, आणि पेला दोन्ही हातांनी धरून. मला वाटलं, थंडी. पाडव्याला मला ओवाळणी घालताना ताटात नोट टाकली आणि लगेच हात सदऱ्याच्या खिशात घातला. आणि डोळ्यांची आखणी करताना ते हल्ली खोलीचं दार लावून घेतात. पूर्वी मी त्यांच्या मांडीला टेकून बसायचे आणि ते गणपतीचे डोळे काढायचे. दार कधी लागलं नव्हतं.

मला खरं सांग. माझ्याकडे थोडे दिवस आहेत, आणि जे ठरवायचं ते या एका गोष्टीवर अडलंय असं मला आतून वाटतंय. मी घाबरलेय, आत्या. रागाव, पण लपवू नकोस.
तुझी, मृणाली


पेण, ९ डिसेंबर

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

लिहिते. त्याने मला शपथ घातलेली, ती मोडते. देव काय ते बघून घेईल.

गुणाजीचा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. मांडीवर ठेवला की गप्प असतो, कुंचला घेऊन मूर्तीच्या डोळ्याशी गेला की सुरू. एक डोळा काढतो, पुसतो, परत काढतो. कुणी बघू नये म्हणून दार लावतो. बाजारात लोक म्हणतील दारू प्यायला लागला, ही त्याला धास्ती. आपल्या कारखान्याचं नाव डोळ्यांवर हाय, बाकी रंग कुणीही देतो.

तू उगा जीवाला घोर लावू नको. तसाही दोन वर्षांनी तो कुंचला ठेवणारच हाय. आपल्या घरची रीत तुला ठाऊक हाय, पन्नाशी झाली की डोळ्यांचा कुंचला देवापुढे ठेवायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा. आबांनी ठेवला, आबांच्या वडलांनी ठेवला. पेणमध्ये लोक अजून नाव काढतात, की काय ती विरक्ती, ऐन भरात असताना माणूस कुंचला खाली ठेवतो. आबा तर त्यानंतर पूजेची पळीसुद्धा हातात धरीत नसत, आचमनाचं पाणी मी द्यायचे. इतकं सोवळं.

आता तू डॉक्टर हायस, तूच सांग त्याला काय झालंय. आणि माझ्यावर रागावू नको बाय.
तुझी आत्या


रोहा, १३ डिसेंबर

ती. सगुणाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादांना वाचून दाखव. पूर्ण.

आबांचं ते सोवळं नव्हतं, आत्या. आबांना पळी धरवत नव्हती. पणजोबांचंही तेच असणार. हा थरथरीचा प्रकार घराण्यात उतरतो. हात रिकामा असला की शांत, बारीक काम काढलं की सुरू. आपल्या घरात दुखण्याची रीत झाली आणि त्या रीतीला सगळ्या गावाने हात जोडले. कुणाचा दोष नाही, दारूचा नाही, देवाचा नाही. गोळी असते, पुष्कळांना बरं वाटतं. दादांना एकदा तपासू दे.

आता माझं. काल मी पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी हात लांब करून बघितले, कागदावर गोल गोल काढायला लावलं, पाणी ओतायला लावलं. आज माझ्या हातात काही नाही, म्हणाले. त्या दिवशीची थरथर भीतीची, ती सगळ्या नवख्यांना असते. पण बापाकडून मुलीकडे हे यायची शक्यता निम्मी. येईल का, कधी येईल, ते कुणी सांगू शकत नाही.

सर्जन मॅडमनाही मी सगळं सांगितलं. वाटलं, त्याच म्हणतील, नको. त्या म्हणाल्या, हात आज चांगला आहे, पुढचं तू ठरव. इथले लोक काल रात्री मडक्यात वालाच्या शेंगा भाजत, पोपटी लावून बसले होते, मला बोलावलं, मी गेले नाही. भूकच नाही. आयुष्यभर शिकायचं आणि हात पिकला की तो जायचा, हे कशाला? आणि नाही शिकले तर जन्मभर स्वतःचे हात बघत बसायचं?

दादा, तुमच्या 'नको'चं कारण मला आता कळलंय. तरी तुमच्या तोंडून हवंय. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण दाराआडून नको.
तुमची, मृणाली


पेण, १६ डिसेंबर

चि. मृणालीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. सगुणा लिहून देत होती, मीच नको म्हटलं. तुला कळलंय तर आता कुणापासून लपवू? सकाळपासून चार कागद फाडले. हा नाही फाडत.

तुला नको म्हटलं, त्याचं कारण एकच. मूर्तीचा डोळा बिघडला तर मी पुसतो. तुझ्या हाताखाली माणूस असेल, ते पुसता येणार नाही. माझा हात तुझ्यात उतरला असला तर, या विचाराने मला दोन वर्षं अन्न गोड लागलं नाही. तू मुलगी म्हणून नाही गो. तुझ्या हातात कुंचला मीच दिला होता, शाळेत जायच्या आधी.

काल सगुणाने पत्र वाचलं तेव्हा मी उठून आबांचा कुंचला काढला. आबांनी ठेवला म्हणजे त्याच्या आधी उचलला होता. पुढे ठेवायला लागणार म्हणून आपल्या घरात कुणी उचलायचा राहिला नाही. आणि हात 'थांब' सांगायला लागला तेव्हा आबांनी ठेवला, म्हणून त्यांच्या हातचा एकही डोळा वाकडा नाही. मी नाही ठेवला. गर्वाने दार लावून बसलो, ते चुकलं.

तू उचल. ज्या दिवशी हात सांगेल त्या दिवशी ठेव, माझ्यासारखं ताणू नको.

रविवारी मी कुंचला ठेवतोय. तो प्रणिताला देणार. आपल्याकडे रंगाला येते ती, तिचा हात शांत आहे. ती घरातली नाही म्हणून चार लोक बोलतील, बोलू देत. गोळीचंही बघू, पण तू सोबत चल.

माझ्यावरचा राग निवळला असेल तर ये.
तुझा, दादा


रोहा, १९ डिसेंबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

भरलं. पहिली पसंती सर्जरी, दुसरी सर्जरी, तिसरीही सर्जरीच. मिळेल की नाही ते देवाला ठाऊक. मिळाली तर पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना आपल्या घरचं सांगणार आहे. दर वर्षी हात तपासून घेणार आहे. भीती गेली नाही, पण आज जेवले.

तुमचं पत्र सहर सिस्टरनी दिलं तेव्हा पाकिटावरचा माझ्या नावातला 'मृ' बघूनच मी रडले. आत काय लिहिलंय ते नंतर वाचलं. इतकं सुंदर अक्षर मी कुणाचं पाहिलं नाही, आणि हे मी डॉक्टर म्हणून नाही सांगत.

रविवारी पहिल्या गाडीने येते. आत्याला म्हणावं, पापड तळून ठेव, या वेळी मधे कुणी नाही. प्रणिता आखणीला बसेल तेव्हा मला तुमच्या शेजारी बसायचं आहे, पूर्वीसारखं.

तेवढं खोलीचं दार उघडं ठेवा.
तुमची, मृणाली