डाव्या सुपातलं पान

मु. होळी, वसई
१७ मार्च १९८३

प्रिय दिवाकर,

तुझ्या बाबांचं पत्र एव्हाना नाशकात पोचलं असेल. आपलं लग्न मोडलं, असं त्यात असणार. परवा आमच्या ओटीवर उभं राहून ते तेच सांगून गेले. म्हणून रविवारच्या सभेत काय झालं ते क्रमाने लिहिते. एका जागी बसवत नाही, अक्षर बिघडलं तर समजून घे.

टँकरचं तुला ठाऊक आहेच. तुमच्या विहिरीवरची मोटार दिवसभर पाणी खेचते, टँकर नव्या इमारतींच्या कामांवर जातात आणि आळीतल्या विहिरी खाऱ्या होत चालल्या आहेत. आमच्या पानवेलींच्या कडा करपल्या. मोटार ठेवायची की बंद करायची ते आळीनेच ठरवावं, असं ग्रामपंचायतीने कळवलं. वालीवच्या कारखान्यात मी रसायनं तपासते, तिथेच विहिरींचं पाणी तपासलं आणि सभेत आकडे वाचले. तुझे बाबा म्हणाले, "बाटलीतलं पाणी आम्हाला काय दाखवतेस, पोरी? आम्ही जिभेने ओळखतो." मागून धोंडूबाई म्हणाली, "ओळखतोस ना रे नरहरी? मग तुझ्याकडचा चहा पाहुणे अर्धा का टाकतात?" सगळे हसले. तुझे बाबा सोडून.

हात वर केले तर नाती तुटतील, म्हणून पंचायतीचे सदस्य आत्मारामकाका यांनी गुप्त मतदानाची युक्ती काढली. देवळाच्या आतल्या खोलीत दोन सुपं ठेवली. प्रत्येक घराने आपल्या वेलीचं एक विड्याचं पान आणायचं. मोटार चालू हवी तर उजव्या सुपात, बंद हवी तर डाव्या. सगळ्यांना पटलं. सगळी आळी पानमळेवाल्यांची, आणि पान बघून ते कुणाच्या वेलीचं हे इथे पोरंही सांगतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आत जाईपर्यंत माझ्याही नाही.

माझ्या बाबांनी तुमच्या घराला मताचा शब्द दिला होता. त्यांच्या पायाला कुदळ लागली आहे, म्हणून पान माझ्या हाती दिलं. म्हणाले, "उजव्या सुपात ठेव. तुला त्याच घरात जायचंय." मी हो म्हटलं नाही. पान डाव्या सुपात ठेवलं.

पानं न हलवता देठ मोजले, आणि एका पानाच्या फरकाने मोटार बंद ठरली. तुझे बाबा उठले, डावं सूप त्यांनी पुढे ओढलं. वरचंच पान उचलून म्हणाले, "हे जगन्नाथाच्या वेलीचं. बघा आमची होणारी सून!" मी खाली बघितलं नाही. मग त्यांनी त्याच्या खालचं पान उचललं आणि त्यांचा हात थांबला. दुसऱ्या कुणी बघायच्या आत त्यांनी ते दुमडून तोंडात टाकलं. चुना नाही, सुपारी नाही, नुसतंच चावत राहिले. आत्मारामकाका म्हणाले, "अरे नरहरी, ठराव खातोस काय?" लोक पुन्हा हसले.

ते पान तुमच्या वेलीचं होतं. तुझे बाबा बाहेर आत्मारामकाकांशेजारी बसले होते, म्हणून घरचं पान तुझ्या आईने, मथुराकाकींनी नेलं. त्या बाहेर आल्या आणि पाठोपाठ, सगळ्यांत शेवटी, मी आत गेले. डाव्या सुपात वर तेच होतं. तुमच्या मळ्यासारखं रुंद पान आळीत दुसरीकडे येत नाही. माझं पान मी मुद्दाम त्याच्यावर ठेवलं, ते झाकलं जावं म्हणून. चारचौघांत दोष माझ्या एकटीवर आला आणि मी तो येऊ दिला. पण घरात तुझे बाबा काकींशी बोलत नाहीत, त्यांच्या हातचं जेवत नाहीत. काल त्या मला वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "दिवाकराला कळवू नकोस हां बाय. आईने बापाचं नाक कापलं म्हणेल." तरी मी कळवते आहे. लग्नाचं तू सवडीने ठरव. त्यासाठी मी तुला बोलावत नाही. पण पत्र मिळताच घरी ये आणि बाबांच्या शेजारी बसून काकींच्या हातचं जेव. त्या घरात त्यांच्या बाजूचं दुसरं माणूस मी होणार होते. आता मी तिथे येईन की नाही हे मला माहीत नाही, आणि तोवर त्या एकट्या आहेत.

अजून तरी तुझीच,
सरला