घर पांघरायचे दिवस

१९ सप्टेंबर १९११, मंगळवार

लग्न होऊन चार दिवस झाले आणि आज हार्लन टटलच्या घोडागाडीतून त्याच्या टेकडीवर पोचले. एकदाची माझ्या घरी आले! माझा पहिला नवरा जोएल गेल्यापासून तीन वर्षं बहिणीकडे काढली. तिचा नवरा माझ्या पावावरच्या लोण्याकडे डोळे लावून बसायचा. आता मी मला हवं तेवढं लोणी लावीन.

हार्लनची पहिली बायको डीलिया गेल्या नोव्हेंबरात वारली. तो विधुर, मी विधवा, तेव्हा कुणी कुणापुढे नाक मुरडायचं कारण नाही. माणूस कमी बोलणारा, पण गाडीतून उतरताना त्याने हात दिला. दोन दुभत्या गायी, एक डुक्कर, तीस-चाळीस सफरचंदाची झाडं. स्वयंपाकघरात छान उजेड आहे. तळघराचं दार तिथंच, जमिनीत बसवलेलं, म्हणजे बटाटे आणायला बर्फातून जायला नको. दाराची कडी वरच्या बाजूने आहे. कशाला, म्हणून विचारलं. मांजर उचकटतं म्हणाला. उद्या सगळी मडकी घासणार आहे.

३० सप्टेंबर, शनिवार

सफरचंदं! सोलून, काप करून, दोऱ्यात ओवून चुलीवर वाळत घालायची. बोटं काळी पडली. शेजारच्या प्रॅटबाई मदतीला आल्या होत्या. हात झरझर चालतो, जीभ त्याहून झरझर. म्हणाल्या, डीलिया असती तर एव्हाना तीन माळा झाल्या असत्या. मी म्हटलं, मग तिलाच बोलवा की. दोघी पोट धरून हसलो.

दुपारी हार्लन जेवायला बसला आणि जमिनीखालून टकटक झाली. तीनदा, हलक्या हाताने. तो म्हणाला, उंदीर. उंदीर मोजून तीनदा ठोकतात हे मला नवीन! त्याने तळघराच्या दारावर बूट ठेवला आणि आणखी रस्सा मागितला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

टकटक रोज होते, आणि रोज तो जेवायला बसला की.

काल त्याने दोन गायींपैकी लंगडायला लागलेली मारली. पाय बरा झाला असता, मी शेक देत होते. तो म्हणाला, ज्याला उभं राहता येत नाही त्याला चारा कशाला. मांस मलाच खारवावं लागलं.

आज प्रॅटबाईंना खोदून विचारलं, तेव्हा डीलिया कशी गेली ते कळलं. थंडी पडायच्या आधी इथे सगळे घर पांघरतात. पायाभोवती फळ्या ठोकायच्या, आत पाला आणि स्प्रूस झाडाच्या फांद्या दाबायच्या, म्हणजे वारा शिरत नाही. मग कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठू नयेत म्हणून तळघरात घमेलंभर निखारे ठेवायचे. पांघरलेल्या घरात निखाऱ्यांपाशी कुणी रेंगाळलं की झोप लागते, ती कायमची. दर दोन-चार वर्षांनी या टेकड्यांत कुणी ना कुणी ही चूक करतंच. डीलियाने केली म्हणे.

पण डीलियाचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं. सहा आठवडे अंथरुणात. मी विचारलं, मग ती शिडी कशी उतरली? प्रॅटबाईंनी सुईत दोरा ओवला. म्हणाल्या, अगं थर्झा, नवरा सांगतो ते खरं धरायचं असतं. माणूस परत येणार आहे का?

त्या गेल्यावर दिवा घेऊन खाली उतरले. दाराच्या खालच्या बाजूला ओरखडे आहेत. चार-चार, शेजारी-शेजारी. एका फटीत नखाचा तुकडा होता.

मी शिडीवर बसून राहिले. भीती नंतर आली, आधी संताप आला. जोएल नदीतून लाकूड वाहून न्यायच्या कामावर होता; मुकादमाने त्याला अडकलेल्या ओंडक्यांच्या सुटू पाहणाऱ्या ढिगावर चढवला, तो नदीत गेला, आणि दफनाच्या दिवशी मी त्याच मुकादमाचा हात हातात घेऊन आभार मानले. तीन वर्षं माझ्या त्या हाताची आग होते आहे. ह्या वेळी मी कुणाचे आभार मानणार नाही. फळीला तोंड लावून म्हणाले, डीलिया, मी आहे. त्याला सोडायची नाही.

१ नोव्हेंबर, बुधवार

गोठलेल्या पायरीवरून घसरले. नडगी मोडली. डॉक्टर पायाला कामट्या बांधून गेले. सहा आठवडे म्हणाले. दारात उभ्या हार्लनने ते ऐकलं.

माझं अंथरूण चुलीपाशी घातलंय. तो जेवताना माझ्या पायाकडे बघतो. गायीच्या पायाकडे बघायचा तसंच.

६ नोव्हेंबर, सोमवार

आज घर पांघरलं. तळघराला अंगणात उघडणारं आणखी एक दार आहे, त्यावरही बाहेरून फळ्या ठोकल्या, वर फांद्यांचा ढीग. दिवसभर हातोडा. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मी म्हटलं, अजून तेवढी थंडी कुठे आहे? तो म्हणाला, वेळेत केलेलं बरं.

बहिणीला पत्र लिहून त्याच्याकडे दिलं होतं, मला घेऊन जा म्हणून. संध्याकाळी चुलीत राख ओढताना पाकिटाचा कोपरा सापडला.

प्रॅटबाई आल्या नाहीत. बर्फ.

९ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

आज हसला. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणाला, वर तुला वारा लागतो, तळघरात अंथरूण घालतो. निखारे ठेवतो. ऊब येईल. मी उचलून नेतो, तू काळजी करू नकोस.

तिलाही असंच म्हणाला असेल. हसून.

खालून टकटक. अजून जेवायची वेळही नाही.

थोड्या वेळाने

गवताची गादी खाली टाकली. वर आला, चुलीतले निखारे घमेल्यात भरले. पुन्हा खाली गेला.

मी अंथरुणातून सरपटत गेले. दार आपटलं. कडी सरकवली.

इतकी सहज सरकते. तेल घातलंय त्याने.

अकरा वाजता

ठोकतोय. आधी हसला, थर्झा चेष्टा पुरे म्हणाला. मग शिव्या. बाहेरच्या दारावर धडका देतोय. त्याच्याच फळ्या, त्याचेच खिळे. मजबूत काम करतो माणूस.

मी त्याला डीलियाचं नाव घेऊन विचारलं, तिने किती वेळ ठोकलं होतं? तू काय जेवत होतास?

पुन्हा धडका द्यायला लागला.

मला बरं वाटतंय. लिहून ठेवते, फार बरं वाटतंय. सफरचंदं सोलायला घेतलीत.

साडेअकरा

म्हणतो निखारे विझत नाहीत. माती टाकली, गादी टाकली, तरी विझत नाहीत. म्हणतो, इथे कुणीतरी आहे. थर्झा उघड, ती कोपऱ्यात — देवासाठी उघड —

नाही उघडणार.

बारा

त्याचं ठोकणं थांबलं.

डीलिया, झालं. फेडलं तुझं. आता झोप.

बारा वाजून गेले

टकटक. तीनदा. हलक्या हाताने.

मी म्हटलं, अगं झालं ना सगळं. तो मेला. पुन्हा तीनदा. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. पुन्हा.

नंतर

आत्ता समजलं. ती सूड मागत नव्हती. कधीच नाही. दार उघडायला सांगत होती. एवढे दिवस रोज. आणि मी फळीला तोंड लावून वचनं देत बसले, कडी उघडी ठेवायचं सुचलं नाही. आणि आज तिला आत कोंडलं. त्याच्याबरोबर. त्याच निखाऱ्यांत. पुन्हा.

कडी काढायला गेले. सरकत नाही. तेल घातलेली कडी — दोन्ही हातांनी ओढली, सरकत नाही —

ओरखडायला लागली. मी ओरडून सांगते आहे, काढते, काढते गं, मी त्याच्यासारखी नाही —

थांबली.

कडी सरकते आहे. माझा हात नाही तिच्यावर. सावकाश. दार वर येतंय — धूर — ती विचारेल, ऐकू येत होतं ना तुला, मग काय करत होतीस, आणि मी काय सांगू, मी इथे बसून सफरचंदं सोल—