स्टिअरिंगची थरथर

राद्का,

मी सकाळच्या बसने प्लेव्हेनला डॉक्टरकडे चाललोय. तू झोपली होतीस, उठवलं नाही. खरं तर तोंडाने सांगवलं नसतं.

तीन आठवडे मी म्हणतोय ना, गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय, चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय म्हणून. चाक एका बाजूला वीस-तीस ग्रॅम जरी जड असलं तरी वेगात हादरे देतं, टायर वाकडातिकडा झिजतो, बेअरिंग जातं. म्हणून समोरच्या बाजूला तेवढंच वजन चिकटवायचं, हे एकतीस वर्षं टायरच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत आलो. आपली चाकं तीनदा मशीनवर चढवली. तिन्ही वेळा मशीनने वजनाचा फरक शून्य दाखवला.

काल दुकानातल्या प्लामेनने गाडी हायवेवर शंभरच्या वर नेली. मी शेजारी होतो. स्टिअरिंग जराही हललं नाही. "उस्ताद, चाकं ठीक आहेत," तो म्हणाला. मग त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली आणि मला स्टिअरिंग धरायला लावलं. बंद गाडीतही माझे हात थरथरत होते.

आज हिवाळी टायर घालायला रांग लागेल. प्लामेन दुकानात एकटा आहे, त्याला दुपारी सूप नेऊन दे.

साडेचारच्या बसने परत येईन. स्टँडवर गाडी घेऊन ये. घरी येतानाही तूच चालव. मी शेजारी बसेन, ब्रेक कधी दाबायचा ते सांगणार नाही.

किरिल