शुभेच्छुकांच्या ओळीत डावीकडून तिसरी

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.३५

अन्याय बरोबर या वेळेला झाला. घड्याळ पाहून ठेवलंय.

उपासनेला निघाले तर चर्चच्या कंपाउंडवर रातोरात बॅनर. 'समस्त ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा. भावी नगरसेवक रूपेशदादा घाडी.' रूपेशदादा मोबाइल कानाला लावून. कोपऱ्यात गव्हाणीतलं बाळ, रूपेशदादाच्या गॉगलएवढं. खाली शुभेच्छुक म्हणून गोल गोल फोटोंची ओळ. डावीकडून तिसरी मी.

मला कुणी विचारलं नाही. नाव दिलंय 'सौ. एमिलीताई हिवाळे, ज्येष्ठ समाजसेविका'. मी मिस आहे. अडुसष्ट वर्षांत मला कुणी सौ. करू शकलं नाही, ते फ्लेक्सवाल्याने एका रात्रीत केलं. फोटो क्वायरच्या माथेरान पिकनिकचा, कापलेला. माझ्या गोलात शेजारी उभ्या नलूचा कान आलाय. कुडीसकट.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट सांगायच्या, लेडीचं नाव चारचौघांत दोनदाच छापून यावं, लग्नाच्या वेळी आणि मेल्यावर. पहिला चान्स गेलाच होता. दुसरा मी जपून ठेवला होता.

निश्चय: बॅनर आजच्या आज उतरला पाहिजे.

२२ डिसेंबर, संध्याकाळी

उपासनेनंतर वर्गाची हजेरी घेतली. दर रविवारी हॉलमध्ये तरुणांचा वर्ग मीच घेते. विषय, श्रद्धा आणि नागरिक. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस मुली सांभाळल्या, ही सात मुलं काय. आमच्यात राजकारण म्हटलं की सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात आणि मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला जातात. हे बदलायचं म्हणून मी नोव्हेंबरात टेबलावर हात आपटून विचारलं होतं, परळपासून लालबागपर्यंत एवढे बॅनर, एकावर तरी आपलं तोंड दिसतं का?

वर्गातला ध्रुव म्हणतो, आंटी, आता दिसतंय.

फोटो शेफालीने दिला. ती लॉ करते, त्यामुळे गुन्हाही मुद्देसूद कबूल करते. मुद्दा एक, नलूआंटी. नलू पहिलीपासूनची माझी मैत्रीण, राहते रस्त्यापलीकडे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ऑगस्टपासून चर्चला आलेली नाही. ती निम्म्या रस्त्यात असतानाच सिग्नल सुटतो आणि बाइकवाले तिच्या काठीला घासून जातात. नलूला रस्ता मिळवून देणं हा वर्गाचा प्रॉजेक्ट मीच दिला होता. मुद्दा दोन, पालिकेत सध्या नगरसेवकच नाहीत, निवडणूक कधी ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुलं एका भावीकडे गेली. तो म्हणाला काम करतो, समाजाची मतं द्या. ध्रुव म्हणाला, मतं आमच्या खिशात नसतात, ज्याची त्याच्याकडे. काम झालं तर जाहीर आभार मानू, नाही झालं तर तेही जाहीर सांगू. रूपेशदादा म्हणाला चालेल, पण एखादा फोटो तरी द्या.

मी विचारलं, स्वतःचा का नाही दिलात? म्हणे, आंटी, आम्हाला कोण ओळखतं, तुमच्या चेहऱ्याला वजन आहे.

मुलं खोटं बोलत होती असं म्हणता येणार नाही.

२४ डिसेंबर

मनस्ताप. कोपऱ्यावरची मासळीवाली अंबिका सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, काय गो बाय, फोटू आला तुजा, आता आमाला वलख देशील ना? आणि मोठी पापलेटं पुढे केली. केमिस्टने स्टूल दिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

नलूचा फोन. एमे, माझा कान लागलाय म्हणे चौकात. कुडी कुठली होती ग, मोत्याची का?

लेखी तक्रार नाताळनंतर. सणाच्या दिवसांत कटुता नको.

२८ डिसेंबर

बॅनरची डावी दोरी सुटली. माझं अर्धं तोंड दुमडलं. चर्चच्या वॉचमनला, रामजीला, बांधायला लावली. हवेने उडून कुणाच्या डोक्यात पडला असता. बाकी काही नाही.

५ जानेवारी, रविवार

वर्ग उत्तम झाला. विषय बायबलमधला नहेम्या. यरुशलेमच्या पडलेल्या भिंतीसाठी त्याने आधी उपास केला, मग राजाकडे अर्ज केला, मग लोकांना आपापल्या दारासमोरचा तुकडा बांधायला दिला. श्रद्धा आणि राजकारण कसं जुळतं, याहून सोपं कुणी सांगू शकेल असं वाटत नाही. शेवटी सांगितलं, बांधणाऱ्यांची नावं शास्त्रात ओळीने दिलीत, पण ज्याने बांधायला लावली तो त्यांत नाव घुसवत नाही. खऱ्या पुढाऱ्याला स्वतःचं नाव नको असतं. हे वाक्य मुलांकडून लिहून घेतलं. सगळ्यांनी मोबाइलवर टाइप केलं.

मग माझा प्लॅन. नलूच्या सिग्नलसाठी इंग्रजीत मेमोरँडम, चौदा पानं. तीन कमिट्या. तिन्हीची अध्यक्ष मी, म्हणजे मतभेद नकोत.

मुलं म्हणाली ठीक आहे, आणि नलूचा व्हिडिओ काढायला गेली. पोरकटपणा.

१७ जानेवारी, शुक्रवार

वॉर्ड ऑफिस. मी, ध्रुव, शेफाली. रूपेशदादाही आला होता, गॉगल डोक्यावर. मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, मॅडम, तुम्ही फक्त पुढे बसा. संस्कार बरे आहेत.

साहेबांसमोर मेमोरँडम वाचायला घेतलं. पहिली दोन पानं नहेम्याच्या आधीच्या, बाबेलच्या बंदिवासाची पार्श्वभूमी. तिसऱ्या पानावर साहेब म्हणाले, बाई, बंदिवास ट्रॅफिककडे येतो, आमच्याकडे फक्त रस्त्यावरचे पट्टे. आणि जेवायला गेले.

मी साहेबांची वाट पाहत बसले. ध्रुवने तेवढ्यात पट्टे रंगवणाऱ्या इंजिनियरला पॅसेजमध्ये नलूचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो तीनदा पाहिला म्हणे. त्याची आई करी रोडला राहते, तिलाही असंच क्रॉस करावं लागतं. रूपेशदादा ध्रुव-शेफालीला घेऊन तसाच ट्रॅफिक चौकीवर गेला. संध्याकाळी शेफालीचा मेसेज: पट्टे मंजूर, सिग्नलची वेळ वाढवायला बघायला येणार.

मेमोरँडमचा परिणाम इतक्या लवकर होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

३० जानेवारी

पालिकेची गाडी आली, सगळे बेकायदा बॅनर उतरवले. माझाही. शेवटी न्याय झाला. मी तिथे उभी राहून सगळं पाहिलं. माणूस तो कसाही चुरगाळून टाकत होता, त्याला नीट घडी घालायला सांगितलं.

बॅनर घरी आणला. गॅलरीतल्या कुंड्यांखाली घालायला प्लास्टिक लागतंच. सध्या कपाटावर आहे. कुंड्यांना एवढ्यात गरज नाही.

२३ मार्च, रविवार

दोन महिने काही नाही. मी मेमोरँडमचा दुसरा भाग लिहायला घेतला, यात मिसर देशही येईल. मुलांनी मात्र दर सोमवारी चौकीवर जायचा नेम धरलाय. हवालदार आता त्यांना चहा देतो. मी सांगितलं, अशा घरोब्याने संस्थेचा दरारा जातो. शेफाली म्हणाली, आंटी, दरारा गेला तरी चालेल, नलूआंटी आल्या पाहिजेत.

आजच्या पिढीला तत्त्व समजावणं सोपं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

रात्रीत पट्टे आले. पांढरेशुभ्र. सिग्नलही जास्त वेळ थांबला. एक बाइकवाला निघाला होता, हवालदाराने नुसतं बोट दाखवलं.

आम्ही सगळे मिरवणुकीच्या झावळ्या घेऊन गेटपाशी. पलीकडून नलू. एका हातात काठी, एका हातात झावळी, कानात मोत्याची कुडी. अर्ध्यात आली, थांबली. तर ही बया रस्त्याच्या मधोमध पदर सारखा करत होती. मग आली. मुलं टाळ्या वाजवायला लागली, पाळकसाहेबही. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, सोड ग एमे, मला येतं चालता. मग क्वायरच्या ऑल्टो रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली आणि ऑगस्टपूर्वी गायची तितकीच बेसूर गायली. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

हे इथेच संपलं असतं तर.

बाहेर आलो तर कंपाउंडवर नवा बॅनर. 'नलूआंटीला रस्ता मिळाला. रूपेशदादांचे जाहीर आभार.' खाली गोल फोटो. ध्रुव. शेफाली. वर्गातली बाकीची पाच मुलं. पट्ट्यांचा इंजिनियर. हवालदार. मधोमध नलू, सगळ्यांहून मोठी, दोन्ही कानांसकट.

मी दोनदा मोजले. डावीकडून आणि उजवीकडून.

नलू म्हणाली, तुझा नाही का ग?

ध्रुवला सहज विचारलं. तो मोबाइल काढून माझंच वाक्य वाचायला लागला. आंटी, तुम्हीच म्हणालात, ज्याने बांधायला लावली तो नाव घुसवत नाही. रूपेशदादा तुमचा फोटो टाकतच होता, आम्ही भांडून काढायला लावला. शिवाय मागच्या वेळी तुम्ही किती चिडला होतात. तो आणि शेफाली, दोघंही इतकी खूश होती की वाटलं, आता माझ्या पाया पडतील.

घरी येऊन शास्त्र उघडून पाहिलं. बांधणाऱ्यांच्या यादीत नहेम्या आहे. स्पष्ट छापलंय. बापाचं नाव वेगळं दिसतं, पण बापाच्या नावात घोटाळे होतात. माझ्या रेशनकार्डावरही झालाय.

१५ एप्रिल, मंगळवार

शांतपणे विचार केला. प्रश्न माझा नाही. पुढच्या पिढीला सार्वजनिक जीवनात अचूकपणाची सवय लागली पाहिजे, एवढाच आहे. पत्राचा मसुदा:

रूपेशदादा घाडी यांस. प्रत ध्रुव व शेफाली यांना.

दि. १३ च्या बॅनरवर एका ज्येष्ठ समाजसेविकेचा फोटो कोणत्या कारणाने वगळला, हे लेखी कळवावे. डावीकडून तिसरी जागा आधीपासून ठरलेली होती. उत्तर रविवार, दि. २० रोजी ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेची घंटा होण्यापूर्वी मिळावे. तोंडी खुलासा, मेसेज किंवा अंगठ्याचे चित्र ग्राह्य धरले जाणार नाही. नावापुढे कु. लिहावे.

सोबत नवा फोटो जोडला आहे. यात नलूचा कान नाही.