साय काढून घ्यावी

३ फेब्रुवारी
गाऊट निघाला. उजव्या पायाचा अंगठा टोमॅटो झालाय. डॉक्टर म्हणाले, युरिक अ‍ॅसिड वाढलंय. गोळी चुकवायची नाही, बिअर आणि कलेजी बंद. चिठ्ठीत लिहून दिलं: "रोज दोन कप दूध. साय काढून घ्यावी."
अठ्ठावीसला नातीच्या शाळेत तीन पायांची शर्यत. आजी किंवा आजोबांबरोबर. तिने माझं नाव घातलंय. मीही शब्द दिलाय. पंचवीस दिवस आहेत, डाव्या हातचा मळ.

४ फेब्रुवारी
बायको म्हणते, साय बाजूला काढायची आणि दूध प्यायचं. अरे, छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी! 'घ्यावी'. स्त्रीलिंगी. दूध असतं तर 'घ्यावं' असतं. घ्यायची ती साय. वाटीभर घेतली, साखर घालून. उरलेलं पाणचट दूध तीच प्यायली. वाया कशाला घालवायचं, म्हणे.

९ फेब्रुवारी
पथ्य काटेकोर. सायीसाठी दूध दुप्पट आणतो. गोळी दोनदा राहिली, पण आहार महत्त्वाचा.

१३ फेब्रुवारी, सकाळी
काल मित्राकडे कलेजी. पण क्रीममधली. म्हणजे फिट्टंफाट.
दुपारी
चादर लागली तरी आई गं होतंय. गुण येण्याआधी दुखतंच.

१९ फेब्रुवारी
नातीने सराव मागितला. रुमालाने पाय बांधले. तिसऱ्या पावलाला मी असा ओरडलो की शेजारीण धावत आली. नातीने रुमाल सोडला, नीट घडी घातली. म्हटलं, शर्यतीच्या दिवशी बघ. फार वाईट वाटलं. साय जरा जास्त घेतली.

२४ फेब्रुवारी
अ‍ॅसिड आणखी वाढलं. डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून व्याकरण समजावलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अहो काका, काढून घ्यावी म्हणजे काढून टाकावी! म्हटलं, मग तसं लिहा. बायकोला हसू आवरेना. ती हल्ली जिना न थांबता चढते. दुधामुळे, म्हणे. योगायोग.

२८ फेब्रुवारी
मैदानावर मला खुर्ची मिळाली, पायाखाली दुसरी. मांडीवर बायकोच्या चपला. आजी-नात दुसऱ्या आल्या. टाळ्या मीच सगळ्यात जास्त वाजवल्या.
बाईंच्या टेबलावर फॉर्म दिसला. नातीच्या अक्षरात 'आजोबा' खोडून वर 'आजी' केलेलं. शेजारी तारीख, एकोणीस. सवयीने चूक शोधली. सापडली नाही.