शेततळ्यातल्या तीन शेपट्या

प्रिय निकू,

जय भीम. तुझा पहिला पेपर बरा गेला हे ऐकून आजीने विहारात जास्तीची मेणबत्ती लावली. उरलेल्या चार पेपरांसाठी आताच लावू का, असं विचारत होती. मी म्हटलं, पोरीलाही थोडं करू द्या.

तू चार दिवस आलीस, तळं घुसळलंस आणि परीक्षेला पळालीस. तिन्ही मोनोफिन, दोन्ही पाय एकत्र अडकवायच्या त्या माशाच्या शेपट्या, मात्र माझ्या गळ्यात टाकून गेलीस. दुकानदाराने पंधरा दिवस वापरून बघायला दिलेल्या आहेत. शनिवारी शिरपूरच्या स्टँडवरून दोन परत पाठवायच्या आणि एक ठेवायची. जी राहील ती पायात घालून तू पुण्याला राज्य स्पर्धेत शंभर मीटरला उतरणार. यंदा नाव काढलं नाहीस तर पुढच्या वर्षी वयोगट बदलतो, हे तू तीनदा सांगितलंस, तेव्हा मला त्यातलं गांभीर्य कळतं. फोनवर सांगितलं असतं, पण फोन लावला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि माझं अर्धं बोलणं तेच बोलून टाकतात. म्हणून लिहिते.

आधी ती कडक पात्याची, काळी. तुझ्या पोहण्याच्या सरांना तीच आवडते, तुलाही. दिसायलाच रुबाबदार आहे, दाराला लावली तर दार बंद होईल एवढी रुंद. तू गेलीस त्याच दिवशी आजीने ती गच्चीवर नेऊन तिच्यावर साबुदाण्याचे पापड घातले. मी ओरडले तर मलाच म्हणते, "एवढं मोठं सपाट सामान, अन् तुमी त्याले पाण्यात बुडवता काहून?" पापड छान वाळले. गोल डाग पडले होते, ते ओल्या फडक्याने पुसून काढले. तर या काळीने तू तळ्याचा पहिला पल्ला चौदा सेकंदांत मारलास. बाबा तुझ्या कमरेचा दोर सोडून टाळ्या वाजवत होते. "ही पोरगी मासोळी झाली, आता जाळं घ्या लागते," म्हणाले. पण हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी पुढचंही लिहून ठेवलंय. दुसरा पल्ला सतरा, तिसरा एकवीस. दुसऱ्या पल्ल्यातच तुझे गुडघे वाकायला लागले होते. त्या पात्याला कमरेतून ढकलावं लागतं, मांडीने ढकललं की ते ऐकत नाही, उलट आपल्यालाच मागे खेचतं. शिवाय त्याचा बूट करंगळीच्या सांध्यावर चावतो. पायाला आधी साबणाचं पाणी लावलं आणि जुन्या लुगड्याची घडी आत बसवली तर चावत नाही. पण स्पर्धेत कोण घडी घालू देणार?

दुसरी मऊ पात्याची, पांढरी. सरांनी सांगितलं होतं, ही एका श्वासात पाण्याखालून लांब जाणाऱ्यांची आहे, वेगाची नाही. म्हणून तू तिला एकदाच पायात घातलीस, तेही तोंड वाकडं करून. पण बघ, सोळा, सोळा, सतरा. काळीचे तीन पल्ले मिळून बावन्न सेकंद, हिचे एकोणपन्नास. शंभर मीटर म्हणजे आपले तीन पल्ले आणि वर दहा मीटर. त्या शेवटच्या दहा मीटरला काळी घालून तू बुडत्या म्हशीसारखी आली असतीस. राग मानू नको, मी काठावर उभी होते. पांढरीचं पातं पाय खाली गेला की मागून हळूच येतं आणि जाताना एक धक्का देऊन जातं. आपण काही केलेलं नसतं आणि पुढे गेलेलो असतो. श्वास धरला की पोटात तो पहिला झटका येतो ना, आता वर चल म्हणणारा, तोसुद्धा हिच्यात उशिरा येतो.

तिसरी ती लाल प्लास्टिकची, आखूड. तू तिला लहान पोरांची म्हणून हातही लावला नाहीस. तिचं पातं सुपाएवढं, टाच उघडी, मागे नुसता पट्टा. बसल्या बसल्या घालता येते आणि घाबरलं तर एका हाताने काढता येते. वेग नाही. पण वळताना अडत नाही, गुडघा वाकला तरी माफ करते, आणि बाहेर आल्यावर कंबर धरत नाही. काळी वापरली की दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसवत नाही.

तर माझा निकाल पांढरीचा. सरांना माझे आकडे दाखव, म्हणावं माझी आई मॅट्रिक आहे पण तिला घड्याळ वाचता येतं. शंका असेल तर तिकडच्या तलावात दोन्ही घालून शंभर मीटर मार, पण तिसऱ्या पल्ल्याकडे बघ, पहिल्याकडे नको.

आता तू डोळे बारीक करून वाचत असशील, की काठावर उभ्या बाईला करंगळीचं कसं कळलं. निकू, मी उतरले. एकदा नाही, सहा वेळा. बाबा मळ्याकडे गेले की तुझा जुना ट्रॅकसूट घालून, कमरेला दोर बांधून. दोर धरायला तुझी आजी. खरंच सांगते. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी इथल्या विहिरीत उडी मारली होती. किन्हीराजाला माहेरी रोजच उड्या मारायचे, त्यात काय असं वाटलं. गावभर झालं, आणि याच आजीने मला सांगितलं की आपल्या घरच्या सुना असं करत नसतात. चोवीस वर्षं मी पाण्यात घोट्याच्या वर गेले नाही. तू तळ्यात होतीस तेव्हा ती तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती म्हणे. तू गेल्यावर स्वतःच दोर घेऊन आली. "त्या वक्ती मीच तुले थांबवलं होतं, आता मीच सांगून राह्यली. उतर. बुडू लागली त आवाज दे, मंग वढतो." बुडताना आवाज कसा देऊ म्हटलं, तर म्हणे, "तोंड त तुयं कधी बंद राह्यते?" मी इतकी हसले की नाकात पाणी गेलं. विहारात आनापानाला बसल्यावर भंतेजी सांगतात, श्वासाकडे नुसतं बघा. इतकी वर्षं बसतेय, पण बघितला तो मी परवा, त्या लाल शेपटीत, हिरव्या पाण्याखाली. स्वतःसाठी मी कधी दुकानात बोट दाखवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून हे तोंडाने सांगवत नव्हतं. लाल माझ्यासाठी राहू दे. पैशाचं मी बघते, आणि बाबांना रविवारी तळ्यावर बोलावून मीच दाखवते. आजी म्हणते त्या दिवशी दोर त्यांच्या हातात देऊ. तू फक्त दुकानदाराला आजच कळव, की दोन नाही, काळी एकटीच परत येतेय.

तुझीच,
अजून ओल्या केसांची,
आई