पुस्तक तिथंच उघडतं

रवि. १४ जानेवारी १९९६. इंदापूर
फादर बारामतीहून मोटारसायकलवर आले, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली, चहाही न घेता परत. महिन्यातून एकदा येतात, त्यातही घाई. जाता जाता पुन्हा तेच टुमणं: "बाई, मोठ्यांचा बायबल वर्ग सुरू करा. पोरांना कितीही शिकवलं तरी घरात कुणी वाचतच नाही." शाळा सुटल्यावर मला वेळच वेळ. हो म्हणून बसले.
तात्यांनी नाक मुरडलं. "वाचायचं काम फादरचं. आपुन ऐकायचं. पुस्तक घिऊन बसायची खोड प्रोटेस्टंटांची." तात्या वस्तीतले सगळ्यात जुने कॅथलिक. वर्ग त्यांच्याच घरी घ्यायचा ठरवलं, म्हणजे त्यांना पळता येणार नाही.

रवि. २१
तात्यांकडे बायबल आहे! सून शालन हिनं फळीवरून काढलं. लाल फडक्यात गुंडाळलेलं, पुढं उदबत्तीचं घर. तिच्या लग्नात कुणीतरी दिलेलं. तेव्हापासून रोज उदबत्ती, उघडलं एकदाही नाही. पानं एकमेकांना चिकटलेली. मी तापलेच. म्हटलं, पुस्तक उघडायला असतं, ओवाळायला नाही. फडकं काढा. कुठूनही उघडा, वाचा, हसा, भांडा त्याच्याशी.
"हसायचं?" शालन.
म्हटलं, देव एवढ्यातेवढ्यानं रागावत नाही.

रवि. ४ फेब्रु.
सहा जण आले. हरवलेल्या मेंढराची गोष्ट. शालन चौथीपर्यंत शिकलेली, ओळीवर बोट ठेवून अक्षर लावत वाचते. नव्व्याण्णव मेंढरं रानात टाकून मेंढपाळ एकामागं गेला, इथं थांबली आणि जी हसत सुटली! "बाई, आपल्याकडं असा मेंढपाळ असता तर लांडग्याची दिवाळीच." शेजारचे बिरूआबा अंगणात होते. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "एक तर त्यो येडा असंल, न्हायतर त्या मेंढराचा त्याला लई लळा असंल."
तात्या आतून: "दोन्ही असंल."
तात्या ऐकत होते तर! आजचा दिवस सोन्याचा.

रवि. १८
शालन घरी पुढचं पुढचं वाचते. आज गोष्ट तिनंच निवडली. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत शिरून येशूच्या कपड्याला हात लावते आणि बरी होते, ती. वाचताना एकदाही अडखळली नाही. वर्ग संपल्यावर मला धुण्याच्या दगडाकडं नेलं. "बाई, ती म्हंजे मीच." वर्ष होऊन गेलं, अंगावरून जायचं थांबत नाही. नवऱ्याला माहीत, सासऱ्यांना नाही. डॉक्टरला दाखवलेलं नाही.
आता तिच्या ओठांकडं नीट पाहिलं. पांढरेफटक. इतके दिवस मला दिसले कसे नाहीत.

बुध. २१, राखेचा बुधवार
बारामती. आधी चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस घेतला, मग शालनला घेऊन डॉक्टरांकडे. ते आम्हा दोघींच्या कपाळाकडं बघत म्हणाले, "काय सांडलं?" तपासल्यावर त्यांचं हसणं बंद. पिशवीला मोठी गाठ, अंगात रक्त फार कमी. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. १३ मार्च.
एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसली होती. लोणी देवकर गाव मागं पडल्यावर बोलली. "माझी आई टेबलावरच गेली, बाई. तिचं बी पोटाचंच व्हतं." म्हटलं, तो काळ वेगळा.

रवि. ३ मार्च
तात्या चष्मा लावून स्वतः वाचायला लागले! चुकलं की शालन सुधारते, मग दोघांचं भांडण. नवरा शिमोन दूध डेअरीवर रखवालदार, तोही पाळी बदलून वर्गाला आला. म्हणाला, "रोज तीच गोष्ट वाचून दावती मला. पाठ झाली."
शालन: "फादर बोलत्यात ते समद्यांशी. हितं पयल्यांदा कुणी माझ्यासंगं बोललं."
घरी येऊन एकटीच गूळ खाल्ला. वीस वर्षं शाळेत शिकवते आहे, असं फळ कधी हाती आलं नव्हतं.

सोम. ११ मार्च
मधल्या सुट्टीत शिमोन शाळेत. टोपी हातात.
"ती येत न्हाय म्हणती. कौल मिळाला म्हणती."
काल प्रार्थना करून डोळे मिटले, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. तीच बाई. तुझ्या विश्वासानं तू बरी झालीस. झालं, आता डॉक्टर कशाला?
तात्यांची आई बिरोबाला कौल लावायची म्हणे. देव बदलला, सवय घरातच राहिली. आणि कुठूनही उघडा म्हणणारी मी.

मंगळ. १२
शाळा सुटताच गेले. आधी गोडीनं सांगितलं, मग रागावून. शेवटी पुस्तकच हातात घेतलं. म्हटलं, शालन, तू शंभरदा हेच पान वाचलंस. शिवण इथंच सैल झाली, म्हणून पुस्तक इथंच उघडतं. यात देव नाही, दोरा आहे. बघ. मिटलं, पाठीवर उभं धरलं, हात सोडले. उघडलं तिथंच. पुन्हा केलं. तिथंच. अजून एकदा. तिथंच.
तिनं हात जोडले. "तुमच्या हातानं बी तीनदा तेच आलं."
मग तिनं वरची ओळ दाखवली. त्या बाईनं कितीतरी वैद्य केले, होतं नव्हतं ते घालवलं, दुखणं वाढतच गेलं. "हे बी लिवलंय की. तुमीच म्हणालात, मन लावून वाच."
घरी येईपर्यंत रडू आवरलं. घरी आल्यावर नाही.

बुध. १३
ऑपरेशनची तारीख. शिमोन जीप सांगून बसला होता. ती उठली नाही. जीप परत गेली.

रवि. १७
फादर आले. उपदेशात सांगितलं, पवित्र शास्त्र उघडून कौल लावणं पाप आहे. शालन पुढंच बसलेली, मान डोलावत होती. तिला वाटतं ते दुसऱ्या कुणाबद्दल.
नंतर फादरनी मला त्यांच्या इंग्रजी कॅथलिक बायबलात सिराखचं पुस्तक काढून दिलं. वैद्याला मान दे, औषध देवानंच जमिनीतून उगवलंय. हेच तर हवं होतं! मराठीत करून कागदावर उतरवलं, धावत गेले.
शालननं ऐकलं. मग आपलं पुस्तक पुढं केलं. "हितं दावा."
हिच्या पुस्तकात सिराख नाही. आमच्या लोकांकडे आहेत ती मराठी बायबलं प्रोटेस्टंटांनी छापलेली, त्यात सिराखसारखी काही पुस्तकंच नाहीत. हे मला माहीत होतं. घाईत विसरले.
"मग ते माझ्यासाठी न्हाय, बाई." किती मऊ आवाजात म्हणाली.

रवि. २४
वर्ग नाही. शालन भिंतीकडं तोंड करून पडून. पायांवर सूज, दोन पावलांत धाप. तात्यांनी पुस्तक पुन्हा लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवलंय. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लई उघडलं."
तिनं हात लांबवून पुस्तक मागितलं. दिलं नाही, तेव्हा रडली. मग दिलं. उशाशी घेऊन झोपली.
मला त्या घरात तोंड दाखवायला नको वाटतं. तरी जाते.

गुरु. २८
शिमोन बारामतीला जाऊन डॉक्टरांना भेटला. कधीही आणा, पण या आठवड्यात आणा, पुढं माझ्या हातात काही नाही, असं म्हणाले.
संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले. शास्त्राबद्दल अक्षर काढलं नाही, केस विंचरले. तीच म्हणाली, "शिवणीचं तुमी म्हणता ते खरं असंल. पर भ्या वाटतंय. टेबलावर आई एकलीच व्हती." वेणी घालून झाल्यावर: "तुमच्या पुस्तकानं सांगितलं तर जाईन. तुमी उघडायचं, बोट मी ठेवणार. जे यील ते."
शिमोन मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. "बाई, पान तुमी ठरवा की. तुमचंच पुस्तक हाय. तिला काय कळतंय?"
तिला सगळं कळतं. त्यालाच कळत नाही. पण तो रडत होता.

शुक्र. २९
रजा टाकली. सकाळपासून शोधते आहे. सापडलं, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला. संदेष्टा त्याला देवाचा निरोप देतो, तू बरा होशील, आणि लगेच अंजिराचं पोटीस आणून गळवावर बांधायला लावतो. देवाचा शब्द आणि वर औषधही. हे तिच्या पुस्तकातही आहे. कुणी म्हणणार नाही, हितं दावा.
फादरना विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते, आणि मला ऐकावं लागलं असतं.
पुस्तक त्या पानावर उघडून पालथं घातलं, पाठ दाबली. आई-वडिलांनी दिलेलं पुस्तक, कोपरा कधी दुमडला नाही मी. शिवण करकरली तेव्हा अंगावर काटा आला. वर वरवंटा ठेवला. दिवसभर स्वयंपाकघरात जायचं टाळलं. देवा, मला हे आवडत नाही. तिला जगव, मग मला काय करायचं ते कर.
दिवेलागणीला वरवंटा काढला. मिटलं, उभं धरलं, हात सोडले. हिज्कीया. पुन्हा. हिज्कीया. तिसऱ्यांदा गर्दीतून वाट काढत तीच बाई.
माझंही पुस्तक तिथंच सैल झालंय. शालनला शिकवताना मी तरी दुसरं काय उघडत होते?
वरवंटा परत ठेवलाय, वर ज्वारीचा डबा. उद्या सकाळी तिच्यापुढं पुस्तक उघडायचं. शिमोन जीप घेऊन येतोय.